‘स्ट्रेन’ला मराठीत काय म्हणावं? वाण, जात, कूळ की आणखी काही

अंबाजोगाईकर
नमस्कार मंडळी. पशुपालकांसाठीच्या एका पुस्तिकेचं मराठीकरण माझ्याकडं आलंय. विषय बोट्युलिझम, म्हणजे एका जीवाणूच्या विषानं अंग लुळं पडण्याचा आजार. जनावराच्या मागच्या पायातलं बळ जातं, जीभ बाहेर ओढली तर आत घेता येत नाही, ताप नाही, शुद्ध आहे, तरी उठत नाही. इथपर्यंत मराठी सरळ आलं. गाडी अडली ती पुढच्या पानावर. तिथं जीवाणूच्या ‘ग्रुप’, ‘टाइप’, ‘सबटाइप’ आणि ‘स्ट्रेन’ अशा चार पायऱ्या आहेत आणि मी पहिल्या खर्ड्यात चारही ठिकाणी ‘प्रकार’ लिहून मोकळी झाले. एक वाक्य असं उतरलं: ‘या प्रकारच्या जीवाणूचे अनेक प्रकार असून ते सात प्रकारचे विष तयार करतात.’ माझं मलाच हसू आलं. करोनाच्या काळात वर्तमानपत्रांनी ‘नवा स्ट्रेन’ रुळवला, पण गोठ्यात वाचायच्या पुस्तिकेत तो नको वाटतो. ‘वाण’ चालेल का?

बीजवाला, जालना
चालेल काय, पळेल. आमचा जन्म बियाण्याच्या पिशव्या मोजण्यात गेला. ज्वारी हे पीक, मालदांडी हा वाण. भेंडी हे पीक, परभणी क्रांती हा वाण. वाण म्हटलं की शेतकऱ्याला दोन गोष्टी कळतात: पीक तेच आहे, आणि पिशवीतला दाणा न् दाणा एकाच गुणाचा आहे. भेसळ निघाली तर तो दुकानात येऊन विचारतो. प्रयोगशाळेत एका वसाहतीपासून वाढवलेला जीवाणू म्हणजे तेच की.

कोशवेडी
बीजवाला काका, शब्द चांगला आहे, पण जरा गुंत्याचा आहे. ‘तो वाण’ म्हणजे बियाण्याचा किंवा कातडीचा, ‘सावळा वाण’ म्हणतो तसा. ‘ते वाण’ संक्रांतीला लुटतात. आणि ‘पैशाची वाण पडली’ यातली ‘ती वाण’ म्हणजे टंचाई. पहिला ‘वर्ण’वरून आलाय, म्हणजे मुळात रंग.

खरी भानगड वरच्या पायरीवर आहे. मराठी विश्वकोशात ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस. हिंदीत ‘प्रजाति’ म्हणजे स्पीशीज. आपली वर्तमानपत्रं हिंदीच्या वाऱ्यानं हल्ली सर्रास ‘पक्ष्यांच्या चाळीस प्रजाती’ छापतात. ताई, तुमच्या पुस्तिकेत क्लॉस्ट्रिडियम ही प्रजाती आणि बोट्युलिनम ही जाती, एवढं तरी सरळ ठेवा.

देवणीवाला
उदगीरकडचा आहे, दावणीला देवणी आहेत म्हणून बोलतो. देवणीत वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन धरतात. वानेऱ्याच्या तोंडाच्या बाजू काळ्या, बालंक्या पांढरा पण खालून ठिपके, शेवऱ्याच्या अंगभर वेडेवाकडे काळे डाग. हे सगळं रंगावरून; जात देवणीच. लाल कंधारी म्हणाल तर ती निराळीच जात. आता मला सांगा, तुमच्या जंतूचे ए, बी, सी, डी हे देवणी आणि कंधारीसारखे आहेत की वानेरा-शेवऱ्यासारखे? ते कळल्याशिवाय शब्द कसा ठरवायचा?

सूक्ष्मदर्शी, नांदेड
देवणीवाला दादा, इतका नेमका प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारत नाही. उत्तर ऐकून मात्र बीजवाला काका नाराज होतील: दोन्हीही नाही.

ए ते जी ही अक्षरं जीवाणूची नाहीतच, विषाची आहेत. ए विषावरचं प्रतिविष बी विषाला आवरत नाही, या कसोटीवर ती पाडली. कोणत्या जीवाणूनं ते विष केलं, हे अक्षर सांगत नाही. म्हणून वंशावळ पाहायची तर ग्रुप बघावे लागतात. पहिल्या ग्रुपचे जीवाणू मांस-प्रथिनं पचवतात आणि त्यांचे बीजाणू, म्हणजे कवच घेऊन झोपी गेलेले जीवाणू, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. डबाबंद अन्नाला 121 अंशांवर सुमारे तीन मिनिटं तापवण्याचा नियम त्यांच्यापायीच आला. हे ए, बी किंवा एफ विष करतात. दुसरा ग्रुप थंडीला सरावलेला, 3 अंशांवरही वाढतो, म्हणजे फ्रिजमध्येसुद्धा. तो बी, ई किंवा एफ करतो. तिसरा ग्रुप सी आणि डी विषाचा, हा तुमच्या गोठ्याचा आणि तळ्यावरच्या पक्ष्यांचा वैरी. 2019च्या नोव्हेंबरात राजस्थानच्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले ते या रोगानं. चौथा जी विषाचा, अर्जेंटिनात मक्याच्या शेताच्या मातीत सापडलेला.

आता गंमत बघा. बी विष पहिल्या ग्रुपमध्ये आहे आणि दुसऱ्यातही. पण हे दोन ग्रुप एकमेकांपासून इतके लांब आहेत की आज नव्यानं नावं ठेवायची झाली तर त्यांना दोन निराळ्या जाती म्हणतील. आणि पहिल्या ग्रुपचा सख्खा शेजारी आहे क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजिनिस, जवळजवळ तोच जीवाणू, फक्त बहुधा विष नसलेला. म्हणजे एका नावाखाली परके, आणि नावाबाहेर सख्खे.

कोशवेडी
सर, मग हे जाती, वाण वगैरे काहीच नाही. हे वतन आहे! देशमुख आडनाव घ्या. निजामाच्या काळातही आपल्या परगण्यांत देशमुखी होतीच. आडनाव सांगतं ते काम आणि हक्क, रक्त नाही. एका गावचा देशमुख मराठा, दुसऱ्या गावचा ब्राह्मण, तिसरीकडं आणखी कुणी. नुसतं ‘देशमुख’ ऐकून सोयरीक जुळवायला गेलात तर फसाल. आणि ज्याला वतन मिळालं नाही तो सख्खा चुलतभाऊ दुसऱ्याच आडनावानं नांदतो. स्पोरोजिनिस हा बिनवतनी भाऊबंद.

सूक्ष्मदर्शी, नांदेड
वतन! हे मी उद्यापासून वर्गात चोरणार. कारण ते इतिहासालाही लागू पडतं. फ्रान्सच्या प्रेव्हो यांनी 1953मध्ये सुचवलं की हे विष करणारा प्रत्येक जीवाणू बोट्युलिनम म्हणावा. म्हणजे वतनावरूनच नाव. पुढं तो नियमही पुरता पाळला गेला नाही. जी विषवाल्याला 1988मध्ये क्लॉस्ट्रिडियम अर्जेंटिनेन्स हे वेगळं नाव मिळालं. ब्युटिरिकम नावाच्या भलत्याच जीवाणूत ई विष निघालं, बराटी नावाच्या आणखी एकात एफ निघालं. गुजरातमधल्या एका निवासी शाळेत 1996मध्ये मुलं आजारी पडली, संशय शेवेवर. शेवेतून निघाला तो ब्युटिरिकम, ई विषाचा. नावात बोट्युलिनम नाही, पण दुखणं तेच.

वतन जप्तही होतं, बरं का. तिसऱ्या ग्रुपमध्ये विषाचं जनुक जीवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रावर नसतंच. ते जीवाणुभक्षी विषाणूच्या अंगावर येतं. तो विषाणू काढून टाकला की जीवाणू निर्विष. आणि 1970च्या दशकात असंही दाखवलं गेलं की सी विषाचा जीवाणू विषाणू काढून साफ केला आणि त्याला दुसरा विषाणू दिला, तर तो क्लॉस्ट्रिडियम नोव्हिई या वेगळ्याच जीवाणूसारखं विष करू लागतो.

बीजवाला, जालना
म्हणजे पिशवीवर मालदांडी छापलंय आणि आत पेरणीच्या दिवशी दुसरंच काही. सर, हे बियाणं मी विकणार नाही.

देवणीवाला
अहो, एवढं वतनाचं कोडं कशाला? आमची म्हण आहे की: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. हेच चाललंय ना तिकडं?

कोशवेडी
🙏 दोन दिवस मी वाणाचे अर्थ मोजत बसले आणि म्हण सुचली नाही. या म्हणीतला ‘वाण’ रंगाचा आहे, बियाण्याचा नाही, हे खरं. पण इथं दोन्ही अर्थ बसतात. आणि ‘गुण’ बघा. क्रोमोसोमला आपण ‘गुणसूत्र’ म्हणतो, म्हणजे गुणांची दोरी. तिसऱ्या ग्रुपच्या जीवाणूचा सगळ्यात मोठा गुण त्या दोरीवर नाहीच, बाहेरून अडकवलाय!

सूक्ष्मदर्शी, नांदेड
म्हण उत्तम, पण एक खोट काढतो. पवळ्याला गुण लागतो तो संगतीनं, बघून बघून. इथं संगत नाही, देवाणघेवाण आहे. जनुकाचा तुकडा प्रत्यक्ष हातातून हातात जातो, कधी विषाणूवरून, कधी प्लाझ्मिड या लहानशा वेगळ्या कड्यावरून. पहिल्या ग्रुपमध्ये जनुक बऱ्याचदा गुणसूत्रावरच असतं. हॉल नावाच्या ए विषाच्या वाणाचा पूर्ण जनुकसंच 2007मध्ये वाचला गेला: डीएनएची सुमारे 39 लाख अक्षरं. त्यात विषाचं जनुक सुमारे 3900 अक्षरांचं. म्हणजे ज्या गुणावरून अख्ख्याचं नाव पडलं तो त्याच्या अंगाचा हजारावा हिस्सा. उरलेल्या नऊशे नव्याण्णव हिश्श्यांत काय आहे यावर तो गोठ्यात वाढेल की फ्रिजमध्ये, हे ठरतं.

आणि विषाची ए, बी ही अक्षरंही एकजिनसी नाहीत. ए1, ए2 असे उपप्रकार पडतात, सगळे मिळून चाळिसाच्या वर. शिवाय जनावरांत आणि पक्ष्यांत काही विषं अशी मिळतात की एक तुकडा सीचा, उरलेला डीचा.

बीजवाला, जालना
त्याला संकरित म्हणा.

सूक्ष्मदर्शी, नांदेड
नाही काका. संकराला आई-बाप लागतात. हे जुन्या लुगड्याचा तुकडा धोतराला जोडल्यासारखं आहे.

देवणीवाला
वाकळ म्हणा मग.

अंबाजोगाईकर
वाकळ! पुस्तिकेत जाईल की नाही ठाऊक नाही, पण माझ्या वहीत गेला. मध्येच एक विषयांतर. मधाबद्दल पुस्तिकेत एक ओळ आहे. आमच्याकडं बाळाला जन्मल्या जन्मल्या मध चाटवतात. तो याच जीवाणूचा प्रश्न का?

सूक्ष्मदर्शी, नांदेड
हो, आणि ती ओळ ठळक छापा. मधात बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यातले रहिवासी जीवाणू त्यांना रुजू देत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं मोकळं रान असतं, बीजाणू तिथं रुजून विष करतात. बाळांचा हा आजार 1976मध्ये ओळखला गेला. तेव्हा वर्ष होईपर्यंत मध नाही, बोट बुडवून चाटवणंही नाही. उकळूनही उपयोग नाही, कारण उकळल्यानं विष मोडतं, बीजाणू मोडत नाही. या दोन शब्दांची गल्लत मराठीत फार होते, ताई; ‘विषाणू’ तर दोन्हींच्या मधेच उभा राहतो आणि तो तिसराच असतो.

कोशवेडी
विष, विषाणू, जीवाणू, बीजाणू. आपल्या पूर्वसुरींनी ‘अणू’ जरा सढळ हातानं वाटला.

देवणीवाला
पुस्तिकेत हाडांचं लिहिलंय का? वैशाखात चारा सुकला की गायी माळावर पडलेली हाडं चघळत बसतात. ‘गाय हाडं खाऊलाली’ म्हणून डॉक्टरांना सांगितलं तर ते ‘पायका’ म्हणतात. लोकांना वाटतं वाईट सवय.

अंबाजोगाईकर
आहे, दादा. फॉस्फरसची कमतरता झाली की जनावर हाडं शोधतं, आणि मेलेल्या जनावराच्या हाडा-मांसात हा जीवाणू वाढलेला असतो. उपाय म्हणून खनिज मिश्रण, आणि मेलेलं जनावर पुरणं. मुरघासात उंदीर-साप सापडला तर तेवढा भाग काढून भागत नाही, हेही आहे. ‘पायका’ मी काढून टाकते, ‘हाडं चघळणं’ पुरेसं आहे.

तर माझा खर्डा असा. ग्रुपला ‘गट’. टाइपला ‘विषप्रकार’, कारण अक्षर विषाचं आहे हे शब्दातच दिसलं पाहिजे. सबटाइपला ‘उपप्रकार’. स्ट्रेनला ‘वाण’, काकांची पिशवी मान्य. वाक्य असं: ‘बोट्युलिझम घडवणारे जीवाणू एका वंशाचे नाहीत, त्यांचे गट वेगवेगळे आहेत, विषप्रकार सात आहेत, आणि एकाच विषप्रकाराचे वाण दोन वेगळ्या गटांत आढळतात.’

सूक्ष्मदर्शी, नांदेड
‘प्रमुख सात’ करा. 2017मध्ये एक्स नावाचं आठवं विष जनुकसंच वाचताना सापडलंय, तेही बी विष करणाऱ्या एका वाणात.

बीजवाला, जालना
एकाच पिशवीत दोन? मी दुकान बंद करतो.

अंबाजोगाईकर
‘प्रमुख सात’ केलं. पान उद्या छापायला जातंय.