भरतीची तयारी आणि रोजच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या: तिघांची चर्चा

बालाघाट: बीड-लातूरकडं पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पळणारी लेकरं "फ्री रॅडिकल (पेशींना इजा करू शकणारे रेणू) मारायला" रोज व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट घेतात. सरावाच्या महिन्यांत हे बंद करा. जोरात पळताना स्नायूंत तयार होणारे फ्री रॅडिकल हाच शरीराला इशारा असतो. त्यावरूनच शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट (फ्री रॅडिकल आवरणारी) एन्झाइम आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशींतली ऊर्जाघरं) वाढतात. जर्मनीतल्या २००९च्या प्रयोगात हाच डोस चार आठवडे दिला. व्यायामानं इन्सुलिनचं (रक्तातली साखर आवरणाऱ्या संप्रेरकाचं) काम सुधारलं ते गोळ्या न घेणाऱ्यांचंच.

गोदाकाठ: अर्धंच सांगताय. नॉर्वेत २०१४ साली ११ आठवड्यांच्या प्रयोगात गोळीवाल्यांचे मायटोकॉन्ड्रिया मागं पडले, पण दमसास दोन्ही गटांचा सारखाच वाढला. आणि सर्दीचं काय? मॅरेथॉनपटू, स्कीइंग करणारे, कडाक्याच्या थंडीतले सैनिक यांच्यावरच्या पाच चाचण्यांत सी घेणाऱ्यांची सर्दी जवळपास निम्म्यावर आली. मैदानी चाचणीच्या तोंडावर नाक गळायला लागलं तर वर्षाची मेहनत पाण्यात.

बालाघाट: ते टोकाच्या श्रमांचे आकडे. इतरांनी रोज सी घेऊनही सर्दीची संख्या घटत नाही. सहा मिनिटांच्या पळण्याला मॅरेथॉनचा हिशोब कसा लावता? १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास सी मिळतं, खिशातला पैसाही वाचतो.

मैदानगडी: दोघंही गोळीतच अडकलात. कसून पळाल्यावर तासा-दोन तासांनी रक्त तपासलं की लिम्फोसाइट (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी दिसतात आणि "प्रतिकारशक्ती पडली" अशी ओरड होते. त्या पेशी मरत नाहीत, बहुतेक फुप्फुसं-आतड्यांकडं पहाऱ्याला जातात. २४ तासांत आकडा जागेवर येतो. खरं नुकसान रात्री अकराला झोपून पहाटे चारला मैदानावर येण्यात आहे. २०१५च्या एका प्रयोगात नाकात सर्दीचा विषाणू सोडला, तर सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सातच्या वर झोपणाऱ्यांपेक्षा चौपटीहून जास्त सर्दी झाली.

तासाच्या वरचा सराव उपाशीपोटी करू नका, कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) चढतं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे दोन केळी पुरेत. दहा जणांनी एकाच बाटलीला तोंड लावणं बंद. उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजा. नेहमी ५२ असणारी सलग तीन दिवस ६०च्या वर दिसली तर अंतर निम्मं करा. ताप किंवा अंगदुखी असेल तर अजिबात पळू नका, हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो.

गोदाकाठ: झोपेचं आणि नाडीचं पटलं. ई बंद, तेही मान्य. पण चाचणीआधीचे पंधरा दिवस २५० मिलिग्रॅम सी, एवढं मी सांगणारच.