मदत हवी आहे: अपाचे बसवण्याच्या मार्गदर्शिकेत मार्कअपचा गोंधळ

नमस्कार मंडळी,

अपाचे वेब सर्व्हर सोर्सवरून (म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करून) बसवण्याची मराठी मार्गदर्शिका आम्ही तिघं मिळून लिहितोय. मजकूर तयार आहे, पण मार्कअप, म्हणजे मजकुराला लावलेले एचटीएमएल टॅग, प्रत्येकाचा वेगळा. एकाने कमांड 'कोड' टॅगमध्ये घातल्या, दुसऱ्याने 'केबीडी'मध्ये, आणि मी (कबूल करतो) घाईत नुसत्या ठळक केल्या.

खरी पंचाईत कॉपी-पेस्टची. काही ठिकाणी कमांडआधी टर्मिनलच्या प्रॉम्प्टचं डॉलरचं चिन्ह आहे. त्यासकट चिकटवली की 'कमांड नॉट फाउंड'. रूट, म्हणजे प्रशासक खात्याच्या प्रॉम्प्टचं हॅश (#) त्याहून वाईट. बॅश (कमांड चालवणारा शेल) ती ओळ कॉमेंट समजून गिळून टाकतं, एररसुद्धा नाही! परवा तर कॉन्फिगर कमांडच्या ओळीत 'प्रीफिक्स' (कुठे बसवायचं ते सांगणारा पर्याय) याच्या आधीच्या दोन हायफनांची एक लांब रेघ झाली होती. टायपोग्राफी आपोआप 'सुधारणारं' सेटिंग चालू राहिलेलं. अर्धा तास गेला.

सध्या ठरलंय ते असं: वाचकाने टाइप करायचं ते केबीडी, स्क्रीनवर उमटणारं सॅम्प, आणि स्वतःचं भरायचं, म्हणजे प्रीफिक्सचा पाथ किंवा आवृत्तीचा आकडा, ते व्हार. पण 'लिसन' हे डिरेक्टिव्ह (अपाचेच्या सेटिंगची सूचना) आणि 'एचटीटीपीडी डॉट कॉन्फ' ही सेटिंगची फाइल, दोन्ही कोडमध्येच जातात, वेगळी ओळखू येत नाहीत. अपाचेचे मूळ दस्तऐवज एक्सएमएलमध्ये आहेत, तिथे डिरेक्टिव्हला स्वतंत्र टॅग आहे. आम्ही साध्या एचटीएमएलमध्ये क्लास लावून भागवावं का? आणि कुणी नियम मोडला तर पकडणारी एखादी स्क्रिप्ट वापरता का तुम्ही? डोळ्यांनी तपासून आता कंटाळा आलाय.