अनुभव धागा: फ्लोअरिंग बदलण्याआधी भिंतीवरचा इलेक्ट्रिक फायरप्लेस उतरवताना

जुन्या फरशीवर लॅमिनेट (लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या) टाकायचं ठरलं आहे. त्याच खोलीत भिंतीवर इलेक्ट्रिक फायरप्लेस, म्हणजे शेकोटीसारखा दिसणारा विजेचा हीटर आहे. तो उतरवावा असं माझं मत, तर घरच्यांना वाटतं, अधांतरी तर आहे, कशाला हात लावायचा? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सविस्तर लिहा. काय केलंत, का केलंत, भिंतीचं काय झालं.

*

आम्ही उतरवला नाही. जमिनीपासून चांगला गुडघाभर उंच होता, खाली काम करायला जागा होती. मात्र प्लग काढून अख्खा प्लास्टिकने झाकला आणि कडा टेपने बंद केल्या. पट्ट्या कापताना बारीक भुसा उडतो, तो हीटरच्या पंख्यातून आत बसला की पुढे चालू केल्यावर जळका वास येतो. पट्ट्या शक्यतो दुसऱ्या खोलीत कापायला सांगा.

*

आधी एक बघा: वायर प्लगमध्ये जाते की थेट भिंतीत? आमची थेट भिंतीत जात होती, म्हणून इलेक्ट्रिशियनलाच बोलावलं. त्याने एमसीबी (त्या लाइनचा वीज तोडणारा स्विच) पाडला, टेस्टर आधी दुसऱ्या चालू पॉइंटवर लावून तो नीट दाखवतोय याची खात्री केली आणि मगच इथल्या वायरी तपासल्या. हा क्रम मला फार आवडला. बिघडलेला टेस्टर 'करंट नाही' असंच दाखवणार! वायरी सोडवण्याआधी फोटो काढला. मोकळी टोकं कनेक्टरमध्ये बंद करून जंक्शन बॉक्समध्ये ठेवली, वर कोरं झाकण. जोड भिंतीत पुट्टीखाली गाडू देऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. हा हीटर साधारण 1500 वॉट घेतो, म्हणजे 230 व्होल्टला साडेसहा अँपिअर. एवढ्या करंटला सैल जोड तापतो. परत बसवताना एक्स्टेंशन बोर्डही नकोच.

*

वरचा प्रतिसाद अगदी मोलाचा. त्यात उतरवण्याबद्दल थोडी भर. पूर्ण गार होऊ द्या. पुढची काच वेगळी निघत असेल तर ती आधी काढून ठेवा. बऱ्याच मॉडेलांत तळाशी छोटे स्क्रू असतात, ते काढले की फायरप्लेस सरळ वर उचलून ब्रॅकेटवरून सोडवायचा. दोघं हवेतच, एकाने पेलला तरी. ठेवताना उभा ठेवा, काचेवर पालथा घालू नका. स्क्रू एका पिशवीत घालून ती मागच्या बाजूला चिकटवा.

*

ताई, तुमच्याकडे भोवती लाकडी चौकट आहे का? असेल तर प्रश्नच मिटला, काढायलाच हवी. आमची जमिनीवर टेकलेली होती. लॅमिनेट खाली चिकटवत नाहीत, मोकळंच असतं, हवेतल्या दमटपणाने फुगतं, आकसतं, म्हणून भिंतीलगत 8 ते 10 मिलिमीटर फट सोडतात. जड चौकट त्यावर दाबून बसली तर पट्ट्यांना सरकायला वाव राहत नाही आणि सांधे उचकटतात. चौकटीभोवती कापून घेतलं तर पुढे ती बदलताना खाली जुनी फरशी उघडी पडते.

*

उंचीचा हिशेब कोणी लिहिला नाही. 12 मिलिमीटरची पट्टी आणि खाली 3 चा फोम म्हणजे जमीन दीड सेंटिमीटर वर येते. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत जमिनीपासून किमान किती अंतर हवं ते बघा. आमचं अंतर कमी पडत होतं, म्हणून ब्रॅकेट वर सरकवला. जिप्समची भिंत असेल तर आतला उभा सांगाडा शोधून त्यातच स्क्रू घ्या, नुसत्या बोर्डावर वजन टाकू नका.

*

आम्ही हा क्रम ठेवला: फायरप्लेस उतरवला, जुनी भोकं भरली, रंग दिला, मग फ्लोअरिंग, स्कर्टिंग आणि शेवटी फायरप्लेस. परत बसवताना खाली जाड पुठ्ठा अंथरला होता. ड्रिलचा चुरा आणि पडलेला स्क्रू, दोन्ही त्यावरच राहिले.