स्क्रूबॉल की रॉक अँड रोल? वाचनालयात पहिला सिनेमा कोणता लावू?

गोदाकाठचा, परभणी
मंडळी, आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमधे शनिवारी रात्री जुने इंग्रजी सिनेमे दाखवायचं चाललंय. येणार कोण, तर रिटायर मास्तर, वकील, स्पर्धा परीक्षेची पोरं. इंग्रजी कळतं सगळ्यांना, पण पळतं इंग्रजी नाही. मला वेड दोनच गोष्टींचं: १९३०-४० मधल्या स्क्रूबॉल कॉमेड्या (म्हणजे नायक-नायिकेच्या चटपटीत भांडणांचे धांदलीचे विनोदी सिनेमे) आणि रॉक अँड रोलवाल्यांचे चरित्रपट. अध्यक्ष 'हिज गर्ल फ्रायडे'च लावा म्हणायलेत. घरी बायकोला दाखवून बघितला. जरा वेळानं म्हणते, "अहो, मी सिनेमा बघायलेय का पेपर वाचायलेय?" खालची ओळ वाचेपर्यंत वर तिघं बोलून मोकळे! कशानं सुरुवात करू?

योगेश्वरीची लेक, अंबाजोगाई
दादा, वहिनींचं बरोबर आहे. हॉवर्ड हॉक्सनं १९४० च्या या सिनेमात मुद्दामच पात्रांना एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लावलंय. मूळ नाटकातला वार्ताहर पुरुष होता. यानं त्याची बाई केली, वर संपादकाची घटस्फोटित बायको केली. सगळी मजा तिथून येते, पण ती कानानं घ्यायची. प्रेक्षक जरा मुरले की लावा.

सुरुवात 'इट हॅपन्ड वन नाइट'नं करा (१९३४, फ्रँक काप्रा). गोष्ट मास्तरांना 'चोरी चोरी'मुळे पाठ आहे, पोरांना 'दिल है के मानता नहीं'मुळे. बापावर रुसून पळालेली श्रीमंताची लेक आणि नोकरी गेलेला पत्रकार, दोघं एकाच बसमधे. रस्त्यावर लिफ्ट मागायचा प्रसंग बघा. क्लार्क गेबल अंगठा कसा दाखवायचा यावर मोठं व्याख्यान देतो आणि गाड्या सूं सूं निघून जातात. मग क्लॉडेट कोलबर्ट मुकाट्यानं पुढं होते, स्कर्ट गुडघ्यावर घेऊन मोजा सारखा करते, आणि पहिलीच गाडी करकचून ब्रेक मारते. इथं कुणाला काय वाचायचंय? चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी, पटकथा, पाचही मोठे ऑस्कर याला मिळाले.

त्याच वर्षी जुलैपासून हॉलिवूडची सेन्सॉर संहिता कडक झाली. पडद्यावर जवळीक दाखवायची सोय राहिली नाही, मग नायक-नायिका भांडत सुटले. माझ्या मते या सिनेमांचं त्यानं भलंच झालं.

कीबोर्डवाला, नांदेड
मी ऑर्केस्ट्रातला माणूस. गायकाचा चरित्रपट म्हटलं की आधी बघतो, गातंय कोण. 'द बडी हॉली स्टोरी'त (१९७८) गॅरी ब्युसी स्वतः गायलाय. 'ला बाम्बा'त (१९८७) तोंड लू डायमंड फिलिप्सचं, गळा लॉस लोबोस या बँडचा. आपल्याकडं 'बालगंधर्व'मधे सुबोध भावेला आनंद भाटेंचा आवाज आहे, 'मी वसंतराव'मधे राहुल देशपांडे स्वतःच गातात, तसंच हे.

परभणीत 'ला बाम्बा' लावा. त्यातला गायक रिची व्हॅलेन्स, त्याचं घरदार सुरुवातीला फळबागेत मजुरी करतं, मजुरांच्या तळावर राहतं. ऊसतोडीच्या कोप्या बघितलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. पुढं तुरुंगातून सुटलेला थोरला भाऊ आणि गाजायला लागलेला धाकटा. हा भाऊ-भाऊ मामला घरोघरी कळतो. शिवाय 'ला बाम्बा' गाणं स्पॅनिश, म्हणजे इंग्रजीवाले आणि बिनइंग्रजीवाले एका बाकावर. ३ फेब्रुवारी १९५९ च्या विमान अपघातात रिची गेला तेव्हा १७ वर्षांचा होता. त्याच विमानात बडी हॉली होता, २२ चा.

क्वीन बँडच्या फ्रेडी मर्क्युरीवरच्या 'बोहेमियन रॅप्सडी'चा आग्रह पोरं करतील. शेवटचे लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमाचे प्रसंग भारीच, पण फ्रेडी १९८५ च्या त्या कार्यक्रमाआधीच एड्सच्या आजाराचं सांगतो असं दाखवलंय. प्रत्यक्षात निदान नंतरचं. रडवायसाठी तारखा फिरवलेल्या मला चालत नाहीत. आणि स्पीकर भाड्यानं आणा, प्रोजेक्टरच्या डबीवर रॉक ऐकवू नका.

कयाधू, हिंगोली
'ब्रिंगिंग अप बेबी' (१९३८) विसरले का सगळे? त्यातली बेबी म्हणजे पाळीव बिबट्या! डायनासोरचं हाड कुत्रं पळवतं आणि कॅरी ग्रँट बायकी झगा घालून फिरतो. आला तेव्हा चालला नव्हता म्हणे. आमच्याकडं शिवारात बिबट्या दिसला की अख्खं गाव जागं राहतं, त्यामुळं हाऊसफुल्ल होईल.

गोदाकाठचा, परभणी
आधी 'वन नाइट', मग 'ला बाम्बा'. अध्यक्षांना मी समजावतो. ताई, मध्यंतर कुठं करू? मास्तरांना चहा लागतो.

योगेश्वरीची लेक, अंबाजोगाई
मधे चादर टांगून एका खोलीत रात्र काढतात ना, त्याच्या दुसऱ्या सकाळी बापाचे गुप्तहेर दारात येतात आणि ही दोघं नवरा-बायको असल्यागत खोटंखोटं कडाकडा भांडतात. ते झालं की दिवे लावा.