भिंत, नाटक, गोधडी: कलेने वेगवेगळ्या संस्कृतींची माणसं खरंच जवळ येतात का?

शिवणवाली
वेगवेगळ्या संस्कृतींच्या लोकांना एकत्र आणून भिंत रंगवायची, नाटक बसवायचं, गोधडी शिवायची असे उपक्रम बरेच चालतात आणि दरवेळी कुणीतरी विचारतंच की यातून होतं काय. मी अशा एका शिवणाच्या गटात आठ महिने होते, त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे, होतं. पण एका दिवसात नाही.
आमच्यात एक बाई कडेकडून आत टाके घालत यायची, दुसरी मधून बाहेर. दोघी दोन्हीकडून लागल्या आणि जिथे टाके भेटले तिथे कापडाला हा एवढा फुगवटा आला. एकमेकींची भाषा येत नव्हती. एकीने दुसरीचा हात धरून फुगवट्यावर ठेवला, दोघींनी मुकाट्याने वीतभर उसवलं. मग कुणाच्या पद्धतीने जायचं यावर दोन आठवडे कुरबूर, रुसवेफुगवे सगळं झालं, आणि शेवटी आधी सगळीकडे कच्चे टाके घालून घ्यायचे असं ठरलं. गोधडीपेक्षा मला ते ठरवणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

रोखठोक
ताई, तुमचा अनुभव चांगला आहे पण माझा अगदी उलटा. मी दोन भिंती रंगवल्यात. चित्र आधीच काढून तयार, आम्ही फक्त आखलेल्या चौकटीत रंग भरायचा. वर निरोप आला की येताना आपापला पारंपरिक पोशाख घालून या. अहो, मी रोज शर्ट-पँट घालतो! फोटो झाले, भाषणं झाली, दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला ओळखेना. याला जवळ येणं म्हणायचं का?
आणि ज्यांना परकी माणसं नकोच आहेत ते अशा ठिकाणी फिरकतच नाहीत. २०२१ मध्ये छोटी अमल नावाची साडेतीन मीटरची निर्वासित मुलीची बाहुली तुर्कस्तानातून ब्रिटनपर्यंत सुमारे ८,००० किलोमीटर नेली, ठिकठिकाणी लोकांनी जोरात स्वागत केलं, पण ग्रीसमध्ये लारिसाला तिच्यावर दगडही पडले.

रंगारी
रोखठोक, तुमच्या भिंतीत खोट होती म्हणून सगळ्याच भिंती मोडीत काढू नका. लॉस एंजेलिसची ग्रेट वॉल बघा. ज्युडी बाका या चित्रकार बाईंनी १९७६ पासून पाच उन्हाळे चारशेहून जास्त पोरापोरींना घेऊन जवळजवळ अर्धा मैल भिंत रंगवली, त्यातली कित्येक पोरं पोलिसांच्या कचाट्यात सापडलेली, वेगवेगळ्या वस्त्यांमधली. विषय पण गुळगुळीत नाहीत, दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबलं तेही त्या भिंतीवर आहे. नुसते हातात हात घातलेले हसरे चेहरे काढले असते तर एवढी वर्षं कोण बोललं असतं त्याबद्दल?

साधा हिशोब
माझा मुद्दा वेगळा आहे. नवीन आलेल्या माणसाला आधी राहायला जागा, काम आणि भाषेचे वर्ग लागतात. ते नसताना ढोल आणि रंग देणं म्हणजे त्याची चेष्टा आहे. संगीतकार बारनबॉइम आणि पॅलेस्टिनी वंशाचे लेखक एडवर्ड सईद यांनी १९९९ मध्ये इस्रायली आणि अरब तरुणांचा वाद्यवृंद काढला, २००५ मध्ये पॅलेस्टिनी भागातल्या रामल्ला शहरात कार्यक्रमही केला. मिटलं का भांडण?

शिवणवाली
मिटलं नाही, आणि बारनबॉइम स्वतःच म्हणायचे की हे शांततेसाठी नाही, अज्ञानाविरुद्ध आहे. वाद्यवृंदाकडून तहाची अपेक्षा आपण करायची आणि तो झाला नाही म्हणून वादकांना नापास करायचं हे मला तरी पटत नाही. घर आणि काम पाहिजेच, त्यात वादच नाही, पण माणूस घर मिळेपर्यंत गप्प बसून राहत नाही ना!
रोखठोक यांचं मात्र मनापासून पटलं. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच सांगितलं होतं की नुसतं शेजारी बसवून पूर्वग्रह जात नाहीत, दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, काम मिळून करायचं हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. तुमच्या भिंतीवर बरोबरीचा दर्जा होता कुठे?

रोखठोक
नव्हताच. म्हणूनच म्हणतो, निधी देणाऱ्यांनी पहिल्यांदा विचारावं की कच्चं चित्र कोण काढणार. आणि आयोजकाला मानधन, चित्रकाराला मानधन, मग जी बाई कामाचा खाडा करून येते तिला फक्त प्रमाणपत्र का?

शिवणवाली
पैसे आमच्याकडे पण नव्हते देत. पण लेकरं सांभाळायला एक माणूस ठेवला तेव्हा कुठे निम्म्या बायका नियमित यायला लागल्या, त्याआधी महिनाभर आम्ही समजत होतो की त्यांना रसच नाही.