रायझन 5 3600 ला 4.2 गिगाहर्ट्झ काही केल्या मिळेना

चहाबाज:
मंडळी मदत हवीये. सेकंडहँड रायझन 5 3600 (एएमडीचा प्रोसेसर) घेतलाय, कूलर त्याच्यासोबतचाच, व्रेथ स्टेल्थ. कागदावर बूस्ट (कमाल स्पीड) 4.2 आहे पण सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण राबवणारी टेस्ट) लावलं की सगळे कोअर 3.8 वर अडकतात आणि टेंपरेचर 94 ला टेकतं. नागपूरचा मे महिना आहे हे मान्य, तरी एवढं? चिपच खराब आलीये का? दोन दिवस डोक्याला नुसता भुंगा लागलाय.

खटपट्या:
चिपला काही झालेलं नाही. 4.2 हा आकडा एखाद्या कोअरचा, तोही हलकं काम असताना, तेवढ्यापुरता. सहाच्या सहा कोअर राबवले की वॉट, अँपिअर आणि टेंपरेचर यातली जी मर्यादा आधी लागेल तिथे प्रोसेसर स्वतःच स्पीड उतरवतो. 65 वॉटची चिप म्हणतात पण सॉकेटमधून 88 वॉटपर्यंत घेते, आणि टेंपरेचरची हद्द 95, म्हणजे तुम्ही तिथेच अडकताय. फुल लोडला 3.9-4.0 मिळायला हरकत नाही. आधी कूलर काढून त्याखालची थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बघा, पण थंड मशीनवर सरळ वर ओढू नका हं, एएम4 सॉकेटमध्ये प्रोसेसर पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात. दहा मिनिटं लोड देऊन गरम करा, मशीन बंद करा, मग हलकेच डावीउजवीकडे पिळत सोडवा.

रात्रपाळी:
वरच्याशी सहमत. शिवाय बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) कधीचा आहे ते बघा. जुलै 2019 मध्ये ही सिरीज आली तेव्हा बऱ्याच जणांना पूर्ण बूस्ट मिळत नव्हता, एएमडीने ते मान्य केलं आणि सप्टेंबरमध्ये अजेसा (बायोसमधला एएमडीचा कोड) 1.0.0.3 एबीबीए दिलं, त्याने साधारण 25 ते 50 मेगाहर्ट्झ वाढले. आणि सिंगल कोअर टेस्टला 4.19 दिसलं तर आणखी मागे लागू नका, बऱ्याच बोर्डांवर बेस क्लॉक (ज्याला गुणून प्रोसेसरचा स्पीड ठरतो) 100 मेगाहर्ट्झऐवजी 99.8 असतो, त्याला 42 ने गुणून बघा.

चहाबाज:
काढला कूलर! पेस्ट खडूसारखी वाळून गेलेली आणि एका कोपऱ्याचा स्क्रू अर्धाच पिळलेला, त्या बाजूला कूलर टेकतच नव्हता, प्रोसेसरवर तेवढा कोपरा कोरा. नवीन पेस्ट लावली, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. आता फुल लोडला 3.95 आणि 83 डिग्री, सिंगल कोअरला 4.19. बायोस आधीच नवा होता. खटपट्या, गरम करून पिळायचं सांगितलंत म्हणून पिना वाचल्या, मी ओढायलाच निघालो होतो. मनापासून आभार.