रेडकू गेल्यापासून म्हैस पान्हा चोरते, इंजेक्शन सोडून काही उपाय?

गोठा_कराड:
नमस्कार. आमची मुऱ्हा म्हैस, दुसरं वेत. रेडकू बाराव्या दिवशी जंतांनी गेलं. जंताचं औषध पाजायचं माझ्याकडून घरच्या लग्नाच्या गडबडीत राहून गेलं, ते मनातून जात नाही. तेव्हापासून म्हैस नीट पान्हवत नाही. आधी संध्याकाळी ५ लिटर द्यायची, आता दीड-दोन, तेही मी बसले तर. सासरे बसले की चार धारा येतात आणि सड सुके. ते बिचारे वीस-वीस मिनिटं चोळत बसतात, मग चिडतात, मग ती लाथ उचलते.

डॉक्टर बघून गेले, दगडी (कासेचा दाह) नाही म्हणाले. धार काढून झाल्यावरही कास भरलेलीच लागते. म्हणजे दूध आहे! मग हाताला का येत नाही? ती खरंच मुद्दाम धरून ठेवते का? शेजारचे म्हणतात, पान्ह्याचं इंजेक्शन आणा, पाच मिनिटांत मोकळी होईल. मन धजत नाही.

निवृत्त_पशुवैद्यक:
ताई, आधी रेडकाचं. म्हशीच्या रेडकाला ते जंत बहुतेक आईच्या दुधातूनच जातात, म्हणून औषध लवकर पाजावं लागतं. पुढच्या वेताला लक्षात ठेवा, स्वतःला दोष देत बसू नका.

मी बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्यांना पहिल्यांदा हेच सांगायचो की कास म्हणजे दुधाची टाकी नव्हे. दूध तयार होतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कोषांत, आणि बहुतेक सगळं तिथेच थांबतं. सडाच्या वर एक पोकळी असते, तिच्यात उतरलेलं दूधच आपल्या हाताला लागतं. गाईच्या पोकळीत साधारण पाचवा हिस्सा दूध आधीच उतरलेलं असतं. म्हशीच्या पोकळीत जेमतेम विसावा. म्हणून गाय पान्हवली नाही तरी लिटरभर मिळतं, म्हशीच्या मात्र तुम्ही म्हणता तशा चारच धारा.

कोषांभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी असते. सडाला हात लागला, रेडकू दिसलं, बादली वाजली की मेंदूला खबर जाते, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं, रक्तावाटे कासेत पोचतं आणि ती जाळी कोष पिळते. हाच पान्हा. गाईला याला मिनिटभर लागतं, म्हशीला दोन मिनिटं किंवा जास्त. त्याचा जोर काही मिनिटंच टिकतो, म्हणून वीस मिनिटं चोळून उपयोग नाही.

ती चोरत नाही, ताई. तिच्या इच्छेवर ते नाहीच. १९४१ साली अमेरिकेत एली आणि पीटरसन यांनी धारेच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं, शेजारी कागदी पिशव्या फोडल्या. गाय घाबरली आणि पान्हा अडला. भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढतं, कासेच्या रक्तवाहिन्या आवळतात, ऑक्सिटोसिनचं काम होत नाही. सासरे चिडतात तेव्हा तुमच्या गोठ्यात हेच घडतं.

पान्ह्याचं इंजेक्शन म्हणजे बाहेरून दिलेलं ऑक्सिटोसिनच. ते दूध वाढवत नाही, आहे ते पिळून काढतं. रोज दिलं की बाहेरच्या औषधाची सवय लागते आणि नुसत्या हाताने पान्हा येईनासा होतो. पूर्वी फुंका घालायचे, म्हणजे जननमार्गात हवा फुंकायचे, तेही याच ऑक्सिटोसिनसाठी. तो अघोरी प्रकार आणि दुधासाठी जनावराला अपाय करणारी इंजेक्शनं, दोन्ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहेत.

कोमट पाण्याने कास धुवा, मिनिट-दोन मिनिटं हळू चोळा, सड फुगल्याशिवाय धार ओढू नका. आणि हयगय नको. दूध आत तुंबलं की पेशी ते बनवणंच कमी करतात, आठवडे गेले तर म्हैस आटेल.

गंगावेस_कोल्हापूर:
सरांनी शास्त्र सांगितलं, मी घरचं सांगतो. आमचे आजोबा पंढरपुरी म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर जायचे. गिऱ्हाईक पेला घेऊन समोर उभं, गाड्यांचे हॉर्न, पोरांचा दंगा, आणि म्हस तिथंच पान्हवायची. कारण जागा रोजची, माणूस रोजचा, हात रोजचा.

ताई, तुमची म्हस तुम्हाला धरून आहे. थोडे दिवस धार तुम्हीच काढा. मामांना, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना, नुसतं आंबोणाची (भिजवलेल्या खुराकाची) पाटी घेऊन समोर येऊ द्या. चारेक दिवसांनी कास त्यांनी धुवायची, धार तुम्ही. मग ते बसतील, तुम्ही डोक्याशी उभ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. आंबोण धारेच्या वेळीच द्या, आधी नको. आणि त्या वेळात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, मोबाईलसुद्धा बाहेर.

मेलेल्या रेडकाचं पेंढा भरलेलं कातडं म्हशीपुढं ठेवतात काहीजण. आजोबांनी कधी ठेवलं नाही, त्यांना बघवायचं नाही.

गोठा_कराड:
तीन आठवडे झाले, म्हणून लिहिते. इंजेक्शन आणलं नाही. सरांचं उत्तर सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मांजराच्या गोष्टीवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच पाटी घेऊन गोठ्यात आले.

पहिले पाच-सहा दिवस काही फरक नव्हता, मी रडकुंडीला आले होते. मग एका संध्याकाळी कास धुताना सड हातात फुगलेले लागले. आता माझ्या हाताला साडेतीन-चार लिटर येतं आणि धारेनंतर कास मऊ पडते. काल सासरे बसले होते, मी डोक्याशी. अडीच लिटर निघालं, लाथ नाही. पाचवर अजून गेलेली नाही.

गंगावेस दादा, एक विचारायचं होतं. महिनाअखेर मला चार दिवस माहेरी जायचंय. जाऊ का, की अजून थांबू?

गंगावेस_कोल्हापूर:
थांबा थोडं. मामांच्या हाताला सलग आठ दिवस तेवढंच दूध आलं की मग जा.